पुन्हा बुजणारी नस आणि जीन थेरपीची घाई

हृदयाच्या आजाराचा विषय निघाला की बेळगाव, निपाणी, खानापूरकडे हल्ली एक वाद हमखास होतो. कुणाच्या तरी मामांची प्लास्टी झालेली असते आणि वर्ष-दीड वर्षात छातीत पुन्हा दुखायला लागलेलं असतं. एकजण मोबाइल पुढे करतो: परदेशात जीन थेरपी, म्हणजे पेशींत जीन सोडून आजार थोपवायचा उपचार, आली आहे, एक डोस दिला की नस पुन्हा बुजत नाही, पण स्टेंटवाल्यांचा धंदा बसेल म्हणून इकडे येऊ देत नाहीत. दुसरा उसळतो: तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढायला माणूस नसतो आणि यांना जीन थेरपी हवी! पहिला दुसऱ्याला मागासलेला ठरवतो, दुसरा पहिल्याला भाबडा, आणि दोघेही आपापल्या जागी खूश असतात. मुळात नस पुन्हा का बुजते, जीनने ते थांबवायचा प्रयत्न कुणी केला होता का, केला असेल तर त्याचं काय झालं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगतो. अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे अरुंद नस बलूनने फुगवून आणि बहुधा स्टेंट ही बारीक जाळी बसवून उघडल्यानंतर, ती पुन्हा अरुंद होणं, म्हणजे रिस्टेनोसिस, रोखायला जीन थेरपी मागणं आज चूक आहे. आणि ती मागणी गरिबीचं कारण देऊन उडवून लावणं त्याहून मोठी चूक आहे. ही कल्पना 1990 च्या दशकात आणि पुढे काही वर्षं फार हुशार माणसांनी भरपूर पैसा ओतून माणसांवर तपासून पाहिली. ती चालली नाही. तिने जे करायचं होतं ते स्टेंटच्या जाळीवर लावलेल्या एका औषधाने करून टाकलं. आज आपल्या भागात बसवलेले स्टेंट जे बुजतात, त्यांची बरीचशी कारणं कॅथलॅबमधल्या, म्हणजे प्लास्टी करतात त्या खोलीतल्या, शेवटच्या दहा मिनिटांत, मेडिकल दुकानाच्या काउंटरवर आणि तंबाखूच्या पुडीत सापडतात.

आधी एक गल्लत दूर करू. ‘स्टेंट बंद पडला’ असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. पहिली म्हणजे रिस्टेनोसिस: जिथे बलून फुगवला त्याच जागी आतल्या बाजूने ऊतक वाढतं आणि काही महिन्यांत वाट हळूहळू अरुंद होते. जिना चढताना पुन्हा दुखायला लागतं. दुसरी म्हणजे स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणं. ही काही मिनिटांत होते आणि थेट झटका आणते. तिसरी म्हणजे दुसऱ्याच जागी नवीन ब्लॉकेज तयार होणं. तिथे स्टेंटचा काहीच दोष नसतो, मूळ आजार पुढे सरकलेला असतो. गुठळी ही बव्हंशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि स्टेंट नीट न उघडणं यांची गोष्ट आहे, नवीन ब्लॉकेज ही कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब आणि तंबाखूची. जीन थेरपीचा दावा फक्त पहिल्या गोष्टीपुरता होता. मोबाइलवरचा तो मजकूर मात्र तिन्ही आजार एका डोसात बरे करून मोकळा होतो.

पहिल्या गोष्टीचं गांभीर्य मात्र एके काळी खरंच मोठं होतं. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बलून फुगवला. पुढची दहा-पंधरा वर्षं नुसत्या बलूनवर प्लास्टी होत राहिली, आणि सहा महिन्यांनी परत अँजिओग्राफी केली की साधारण तीस ते चाळीस टक्के रुग्णांत तीच जागा पुन्हा अरुंद झालेली दिसे. कारणं दोन. बलून काढल्यावर धमनीची भिंत रबरासारखी मागे येते आणि नंतर आक्रसते, हे एक. बलूनने भिंत चिरते, त्या जखमेला उत्तर म्हणून मधल्या थरातल्या स्नायुपेशी जाग्या होतात, आत सरकतात, विभागतात आणि आपल्याभोवती चिवट धागे विणतात, हे दुसरं. म्हणजे जखम भरून येण्याचाच हा प्रकार, फक्त जिथे तीन मिलिमीटरची वाट आहे तिथे. 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. त्यांनी भिंत मागे येणं थांबवलं. 1994 साली जाहीर झालेल्या एका युरोपीय चाचणीत रिस्टेनोसिस 32 टक्क्यांवरून 22 वर आलं. पण धातूची जाळी कायमची टोचत राहिल्यामुळे पेशींची वाढ उलट जोरात होऊ लागली. प्रश्न अर्धाच सुटला होता.

अशा वेळी जीनचा विचार डोक्यात येणं अगदी स्वाभाविक होतं, आणि तो विचार मूर्खपणाचा मुळीच नव्हता. आजार एका ठिकाणी, दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यात. तिथपर्यंत कॅथेटर, म्हणजे प्लास्टीची बारीक नळी, आधीच पोचलेला. पेशींची वाढ मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत होते, म्हणजे जीन जन्मभर टिकायचीही गरज नाही. पंधरा-वीस दिवस त्याने काम केलं तरी पुरे. याहून सोपं लक्ष्य जीन थेरपीला कुठलं मिळणार होतं? एलिझाबेथ नेबल आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये डुकराच्या धमनीच्या भिंतीत थेट जीन पोचवून दाखवला. 1994 मध्ये हर्पीसच्या विषाणूतला थायमिडिन कायनेज हा जीन धमनीत सोडून, वरून गॅन्सिक्लोव्हिर हे औषध देऊन, वाढणाऱ्या पेशी नेमक्या मारता येतात हे डुकरांत सिद्ध झालं. उंदरांपासून डुकरांपर्यंत आकडे सुंदर येत होते. जो कुणी तेव्हा म्हणाला की दहा वर्षांत रिस्टेनोसिस संपेल, त्याला वेडा म्हणायचं काही कारण नव्हतं.

मग माणसांवर चाचण्या झाल्या. पेशीविभाजन सुरू करणाऱ्या सी-मिक जीनचा आवाज बंद करणारा डीएनएचा तुकडा नेदरलँड्समध्ये 85 रुग्णांच्या स्टेंट बसवलेल्या जागी सोडण्यात आला. रिस्टेनोसिस कमी झालं नाही. फिनलंडच्या कुओपिओमध्ये 103 रुग्णांना बलून-स्टेंटच्या वेळीच व्हीईजीएफ या वाढघटकाचा जीन दिला गेला, काहींना विषाणूतून, काहींना चरबीच्या थेंबांतून. 2003 मध्ये निकाल आला: उपचार सुरक्षित, विषाणूवाल्या गटात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थोडा सुधारला, रिस्टेनोसिसमध्ये फरक शून्य. बायपासमध्ये वापरलेल्या शिरा बुजू नयेत म्हणून ई-टू-एफ या प्रथिनाला फसवणारे डीएनएचे तुकडे अमेरिकेत 3,014 रुग्णांच्या शिरांना दिले गेले. 2005 चा निकाल: औषध दिलेल्या गटात 45.2 टक्के रुग्णांच्या शिरा बिघडल्या, न दिलेल्या गटात 46.3 टक्के. एवढ्या मोठ्या चाचणीत एवढा सपाट निकाल आल्यावर ‘कंपन्यांनी दाबलं’ असं म्हणायला जागा कुठे उरते? ज्या कंपनीने पैसे घातले तिलाच ते बुडताना बघावे लागले.

का बुडाले, हे समजून घेतलं तर पुढच्या दहा फसव्या बातम्या आपोआप ओळखता येतात. डुकराच्या प्रयोगात धमनीच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना बलून फुगवून रक्त अडवायचे आणि मधल्या बंद जागेत विषाणूचं द्रावण वीस मिनिटं मुरू द्यायचे. हे मांडीच्या धमनीत चालतं. माणसाच्या हृदयाच्या मुख्य धमनीत बलून दोन मिनिटांहून जास्त फुगवून ठेवला की छातीत कळ येते, ईसीजी बिघडतो, रक्तदाब पडतो. म्हणून मग छिद्रं असलेले, मधून रक्त जाऊ देणारे, सूक्ष्म सुया असलेले अशा नाना तऱ्हेचे कॅथेटर काढले गेले. तरी सोडलेल्या द्रावणातलं बहुतेक सगळं वाहून पुढे जाई. वाहत्या नळाखाली भिंतीला चुना लावण्याचा प्रकार. जे थोडं भिंतीला लागे, त्यालाही मधल्या थरापर्यंत जायला आतला लवचिक पडदा, चुन्याचे (कॅल्शियमचे) खडे आणि चरबीचा गर ओलांडायचा असे. प्रयोगातल्या तरुण डुकराच्या धमनीत यातलं काहीच नव्हतं. निपाणीतल्या साठ वर्षांच्या, तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाच्या धमनीत सगळंच असतं. त्यात जीन पोचवायला सर्दीच्या विषाणूपासून केलेला वाहक शरीर आधीपासून ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. त्या सुजेने पेशींची वाढ कमी होण्याऐवजी वाढायची भीती. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा यकृताच्या एका आजारावरच्या चाचणीत अशाच विषाणूवाहकाच्या प्रतिक्रियेने गेला, आणि त्यानंतर प्रत्येक मंजुरीसमोर एक प्रश्न उभा राहिला: ज्याचा जीव धोक्यात नाही, त्याला हा धोका का द्यायचा?

उपाय सापडणं आणि तो जागेवर पोचणं या दोन वेगळ्या लढाया असतात, हे बेळगावकरांना तरी वेगळं सांगायला नको. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो आज मैदान, झाडी आणि फिरायची जागा म्हणून ओळखीचं आहे. तिथे देवीची लस तयार होत असे. जेनरने लस दाखवली 1796 मध्ये. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला 1975 मध्ये. मधल्या पावणेदोनशे वर्षांत लसीचं शास्त्र चुकलं होतं का? वासराच्या त्वचेवर तयार होणारी ओली लस उन्हाळ्यात खेड्यापर्यंत जाईतो मरून जायची. गोठवून सुकवलेली लस आली, दोन टोकांची साधी सुई आली, घरोघर रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांना टोचायची पद्धत आली, तेव्हा देवी हटली. देशात सुकवलेली लस बनवणाऱ्या चार केंद्रांत बेळगाव एक होतं. जीन थेरपी रिस्टेनोसिसच्या बाबतीत ओल्या लसीच्या टप्प्यावरच अडकली, आणि तिची सुकवलेली लस येण्याआधी दुसऱ्याच कुणीतरी मैदान मारलं.

ते दुसरं कुणीतरी म्हणजे सिरोलिमस. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध वेगळं काढणाऱ्या चमूचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल हे फाळणीपूर्व भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ. आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून तपासलं गेलं, मग मूत्रपिंड रोपणानंतर वापरलं गेलं. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर येते तिथेच ते तिला थोपवतं, म्हणजे ज्या टप्प्यावर सी-मिक आणि ई-टू-एफवाले जीनने कुलूप लावू पाहत होते, जवळजवळ तिथेच. स्टेंटच्या जाळीवर प्रति चौरस सेंटिमीटर 140 मायक्रोग्रॅम औषध, ते धरून ठेवणारं पॉलिमर, आणि महिनाभरात बहुतेक सगळं झिरपून जाईल अशी व्यवस्था. वाहून जायची भीती नाही, कारण औषध जाळीला चिकटलेलं आणि जाळी भिंतीत रुतलेली. 2002 मध्ये 238 रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये 26.6 टक्के रिस्टेनोसिस, औषधी स्टेंटमध्ये एकही नाही. पुढे खऱ्या जगात तो शून्य टिकला नाही, टिकणारही नव्हता, पण आकडा एक अंकी झाला.

इथे एक हिशेब महत्त्वाचा आहे आणि तो वादात कुणी मांडत नाही. रिस्टेनोसिस 40 टक्के असताना ते निम्म्यावर येतं हे सिद्ध करायला एका गटात साधारण 80 रुग्ण पुरतात. तेच प्रमाण 6 टक्के असेल तर 3 वर आणल्याचं दाखवायला एका गटात साधारण 750 रुग्ण लागतात. कुओपिओच्या चाचणीत रिस्टेनोसिसचं एकूण प्रमाणच 6 टक्के होतं, त्यामुळे 103 रुग्णांत काही दिसणं अशक्यच होतं. आणि रुग्णाच्या बाजूने बघा: शंभर माणसांना विषाणूवाहक जीन द्यायचा, त्यातल्या 94 जणांची नस तशीही बुजणार नव्हती. त्या 94 जणांनी धोका कशासाठी घ्यायचा?

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. औषधी स्टेंटने प्रश्न संपला, असं म्हणणारा डॉक्टर प्रामाणिक नाही. 2006 मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये वर्षांनंतरही गुठळ्या होतात हे पुढे आलं तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांची झोप उडाली होती. औषध स्नायुपेशींबरोबर आतलं अस्तर भरून येणंही लांबवतं, म्हणून जाळी उघडी राहते. नंतरच्या स्टेंटमध्ये जाळीची जाडी 140 मायक्रॉनवरून 60 ते 80 वर आली, पॉलिमर सुधारलं, गुठळ्या घटल्या. तरी पहिल्या वर्षानंतर दर वर्षी सुमारे दोन टक्के रुग्णांत स्टेंटशी संबंधित काहीतरी बिघडत राहतं, आणि हा उतार वर्षानुवर्षं सपाट होत नाही. मधुमेही, अडीच मिलिमीटरहून बारीक नस, लांब ब्लॉकेज, आधीच एकदा बुजलेला स्टेंट, या चौघांत प्रमाण जास्त. आपल्याकडे हे चारही एकाच माणसात भेटतात.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे: तेव्हाची हत्यारं बोथट होती, आजची नाहीत. 2014 मध्ये उंदरांत दाखवलेली एक युक्ती खरोखर देखणी आहे. पेशीविभाजन रोखणाऱ्या पी-27 च्या जीनला अशी खूण जोडली की अस्तराच्या पेशींत असणारा मिआर-126 हा सूक्ष्म आरएनए तो जीन तिथे बंद करतो. परिणाम असा की स्नायुपेशी थांबतात आणि अस्तर मात्र भरून येतं. म्हणजे औषधी स्टेंटचा जो मूळ दोष, नेमका तोच टाळला. हे वाचून मान हलवल्याशिवाय राहवत नाही. पण उंदराची गळ्यातली निरोगी धमनी बलूनने खरवडून केलेले प्रयोग 1990 च्या दशकातही देखणेच होते. अडचण जीनच्या हुशारीची नव्हतीच, ती पोचवण्याची होती, आणि ती जिथल्या तिथे आहे. जीन वाहून नेणारे आजचे चरबीचे सूक्ष्म थेंब शिरेतून दिले की यकृतात जाऊन बसतात. हृदयाच्या धमनीच्या तीन सेंटिमीटर तुकड्यात ते नेमके थांबवायचे कसे, याचं उत्तर अजून माणसांत मिळालेलं नाही. मधल्या काळात प्रतिस्पर्धीही थांबलेला नाही. बुजलेल्या स्टेंटमध्ये पुन्हा जाळी न घालता पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेला बलून मिनिटभर फुगवायचा, ही पद्धत 2006 मध्ये 52 रुग्णांच्या छोट्या चाचणीत आली: पुन्हा बुजण्याचं प्रमाण 43 टक्क्यांवरून 5 वर. औषध तेवढ्याच वेळात भिंतीत शिरतं. असे बलून आता आपल्याकडेही वापरात आहेत.

नवीन म्हणजे चांगलं या घाईची किंमत हृदयरोगशास्त्राने अलीकडेच मोजली आहे. विरघळणारा स्टेंट आला तेव्हा ‘धातू शरीरात राहणार नाही’ या एका वाक्यावर तो विकला गेला, भारतातसुद्धा. अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली आणि 2017 मध्ये कंपनीने तो जगभर विकणं बंद केलं. त्याच्या जाड दांड्यांमुळे गुठळ्या जास्त होत होत्या. युरोपातलं पहिलं मान्यताप्राप्त जीन औषध, ग्लायबेरा, 2012 मध्ये आलं. किंमत दहा लाख युरोच्या घरात, आणि 2017 मध्ये गुंडाळेपर्यंत बाजारात विकत घेऊन वापरणारा रुग्ण एकच.

आता मूळ प्रश्नाकडे: आपल्याकडे बसवलेला स्टेंट बुजतो तो कशाने? सर्वात वरचं कारण म्हणजे तो पुरता न उघडणं. तीन मिलिमीटरचा स्टेंट 10-12 अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने फुगवला, पडद्यावर छान दिसला, गुंडाळलं. पण अँजिओग्राफी म्हणजे आतल्या पोकळीची सावली. भिंतीत चुना असेल तर जाळी एका बाजूला आखडलेली राहते आणि सावलीत ते दिसत नाही. मग न ताणणारा बलून आत घालून 18-20 अ‍ॅटमॉस्फिअरला पुन्हा फुगवावं लागतं. चुना फार असेल तर स्टेंट घालण्याआधीच तो घासावा किंवा फोडावा लागतो, कारण जाळी बसल्यावर तो मोडता येणं महाकठीण. आतून बघायला आयव्हीयूएस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटी (प्रकाशाने) चित्र घेणारी तार आहे. आयव्हीयूएसने मोजलं आणि सर्वात अरुंद जागी क्षेत्रफळ साडेपाच चौरस मिलिमीटरच्या खाली निघालं, तर तो स्टेंट पुढे त्रास देणार हे तिथेच कळतं. कोरियात 1,639 गुंतागुंतीच्या रुग्णांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आतून बघून केलेल्या प्लास्टीत त्या नसेचं पुढे बिघडणं 7.7 टक्के, नुसत्या अँजिओवर 12.3. युरोपच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी गुंतागुंतीच्या ब्लॉकेजमध्ये याला सर्वात वरची शिफारस दिली. कुठल्याही जीनने माणसांत एवढा फरक अजून दाखवलेला नाही. मग नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘जीन थेरपी कधी येणार’ हा, की ‘आतून बघून बसवलात का’ हा?

दुसरं कारण डिस्चार्जनंतर सुरू होतं. झटक्यानंतर स्टेंट बसला की अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, या गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं जास्त मात्रेचं स्टॅटिन कायम. काउंटरवर काय होतं? पहिल्या महिन्याची पट्टी पूर्ण, दुसऱ्या महिन्यात ‘दहाच द्या’, तिसऱ्या महिन्यात छातीत दुखत नाही म्हणून बंद. कुणी दात काढायला जातो, तिथे सांगितलं जातं की रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस थांबवा, आणि स्टेंट बसून जेमतेम दोन महिने झालेले असतात. दात काढताना दाबून, टाके घालून रक्त थांबवता येतं. नव्या स्टेंटमधली गुठळी थांबवायला कुणी जवळ नसतं. दोन्ही गोळ्या वेळेआधी सोडणं हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं सर्वात मोठं कारण आहे, हे स्टेंट घातलेल्या प्रत्येक घराला माहीत हवं. तंबाखूबद्दल निपाणीच्या पट्ट्यात बोलणं अवघड, कारण पोट त्यावर आहे. तरी स्टेंट घातल्यावर विडी चालू ठेवणाऱ्याच्या नवीन ब्लॉकेजवर कुठलाच जीन उपयोगाचा नाही, एवढं तरी स्पष्ट बोललं पाहिजे.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. खानापूरचा माणूस बेळगावात दाखवतो, कधी गोव्यात बांबोळीला जातो. निपाणीचा कोल्हापूर गाठतो, कागवाड-अथणीचा मिरज. अँजिओची सीडी एका राज्यात, दुसरी प्लास्टी दुसऱ्या राज्यात, आणि स्टेंटचं छोटं स्टिकर, ज्यावर कंपनी, लांबी, जाडी आणि लॉट नंबर असतो, ते कधीच रद्दीत गेलेलं. पुन्हा दुखू लागल्यावर नवीन डॉक्टरला आत 2.75 ची जाळी आहे की साडेतीनची हे कळत नाही, आणि कितीचा बलून किती दाबाने फुगवायचा हे अंदाजावर येतं. त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या दोघांकडे ठेवणं, याला एक पैसा लागत नाही.

योजनांचा वादही असाच भलतीकडे गेला. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकने विरोध केला, आणि चर्चा झाली ती कुणाचं कार्ड कुणाच्या हद्दीत चालणार याची. तो प्रश्न खोटा नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला तो अस्मितेचा आहे आणि खिशाचाही. पण कार्डात काय बसतं, हे किती जणांनी विचारलं? आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं धरलेली आहेत. स्टेंटला गोळ्या लागतात वर्षभर. केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, हा रुग्णांच्या बाजूचा मोठा निर्णय होता. मात्र जाळी स्वस्त झाली तरी ती नीट उघडली की नाही हे बघणारी तार पॅकेजमध्ये नसेल, तर वाचवलेला पैसा दुसऱ्या प्लास्टीत जातो. कर्नाटकात हृदय ज्योती योजनेने झटक्याच्या पहिल्या तासात तालुक्याच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या तासाला जे शहाणपण दाखवलं, ते पुढच्या बारा महिन्यांना का नको? दोन्ही राज्यांकडे मागायचं ते हे: वर्षभराच्या गोळ्या पॅकेजमध्ये, गुंतागुंतीच्या केसमध्ये आतून बघण्याचा खर्च वेगळा, आणि बुजलेल्या स्टेंटसाठी औषधी बलून.

यावर ‘म्हणजे आपण मागेच राहायचं’ असं कुणी म्हणेल. तसं मुळीच नाही, आणि गरिबीवाल्यांशी माझं भांडण इथेच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) पाच रुग्णांवर जीन थेरपी यशस्वी केल्याचं 2024 च्या शेवटी प्रसिद्ध झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून उभ्या राहिलेल्या, रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच पेशींत जीन घालून केल्या जाणाऱ्या कार-टी उपचाराला 2023 मध्ये देशात मान्यता मिळाली. गरीब देशाने हे करू नये, असं कुणी म्हटलं असतं तर? हृदयासाठीही जीनचा रस्ता बंद नाही, फक्त तो धमनीच्या भिंतीतून जात नसून यकृतातून जातो. पीसीएसके-9 नावाचं प्रथिन यकृतात कमी केलं की वाईट कोलेस्टेरॉल निम्म्यावर येतं. वर्षातून दोन इंजेक्शनांचं इन्क्लिसिरान हेच करतं, आणि यकृतातल्या या जीनमध्ये एकाच अक्षराचा कायमचा बदल करणाऱ्या उपचाराच्या चाचण्या माणसांत चालू आहेत. त्यातल्या पहिल्या औषधाच्या चाचणीतली रुग्णभरती 2024 मध्ये यकृताच्या आणि प्लेटलेटच्या तक्रारींमुळे थांबवावी लागली, पुढचं औषध वेगळ्या थेंबातून आलं. इथे पोचवण्याचा प्रश्न रक्तच सोडवतं, म्हणून इथे आशा धरायला आधार आहे.

आणि गुडघ्याखालच्या धमन्यांचं काय? मधुमेही माणसाच्या पायाला बलून केल्यावर वर्षभरात अर्ध्याहून जास्त नसा पुन्हा बुजतात, जखम भरत नाही, पाय कापायची वेळ येते. हृदयात हरलेल्या जाळीच्या जातीच्याच एका विरघळणाऱ्या जाळीने इथे 261 रुग्णांच्या चाचणीत नुसत्या बलूनला मागे टाकलं आणि 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवली. तेव्हा एका जागी नापास झालेली वस्तू दुसऱ्या जागी पास होऊ शकते, हे मी मान्य करतो. जीनबाबतही कुणी प्रयत्न करायचा असेल तर या पायांवर करावा. जपानने पायाच्या रक्तपुरवठ्यासाठीच्या एका जीन औषधाला 2019 मध्ये सशर्त मान्यता दिली होती, ती 2024 मध्ये संपुष्टात आली, हेही त्याच वेळी टेबलावर ठेवावं. उद्या बेळगावच्या किंवा मिरजेच्या एखाद्या संस्थेने अशी चाचणी मांडली, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: जीन भिंतीतल्या किती टक्के पेशींत पोचतो हे माणसाच्या रोगट धमनीत मोजलंय का, तुलना नुसत्या बलूनशी आहे की औषधी बलूनशी, आणि एका गटात रुग्ण किती.